'जैसा', 'सारखा' आणि आपले 'वानी'



रामाकोन्यात 'सारखा' हा शब्द आपण लिहितो, बोलत मात्र नाही. बोलताना आपल्या तोंडात येते ते 'वानी'. कापूस चांगला फुटला की तो दुधावानी पांढरा. संत्र्याचा भाव पडला की घरधन्याचे तोंड एरंडेल प्याल्यावानी. आजारातून उठलेले पोरगे चिंचेच्या फोकावानी. सकाळी चुलीपासून रात्री अंथरुणापर्यंत एका घरात किती 'वानी' होतात, हे एकदा मोजून पाहावे. मोजायला बसलो तर बोलणेच थांबेल इतके ते असतात. आणि यातले कोणीही आपण अलंकार वापरतो आहोत असे समजत नाही. अलंकार म्हटले की आपल्याला दहावीचा पेपर आठवतो.

या वेळी आम्ही या छोट्या शब्दाविषयी लिहायचे ठरवले, कारण हा शब्द शुभवर्तमानातून काढून टाकला तर फारच थोडे उरेल. मत्तयच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय उघडा. स्वर्गाचे राज्य कशासारखे आहे हे प्रभू तिथे एकामागून एक सांगत जातो: ज्या शेतात वैऱ्याने रात्री निंदण पेरले ते शेत, मोहरीचा दाणा, पिठात कालवलेले खमीर, शेतात पुरलेला ठेवा, मोत्यांचा व्यापारी, समुद्रात टाकलेले जाळे. एकाच अध्यायात शेतकरी, स्वयंपाक करणारी बाई, व्यापारी आणि कोळी, सगळे येऊन गेले. मार्कच्या चौथ्या अध्यायात तर देवाच्या राज्याला कशाची उपमा द्यावी, असा प्रश्न प्रभू स्वतःच विचारतो. उत्तर त्याच्याजवळ होतेच, पण ऐकणाऱ्यांना सोबत घेऊन त्याला ते शोधायचे होते, असे आम्हाला वाटते.

व्याकरणाचे थोडक्यात सांगतो. उपमेला चार अंगे. 'आजीचे हात सायीसारखे मऊ' यात हात हे उपमेय, साय हे उपमान, मऊपणा हा दोघांतला साधारण धर्म आणि 'सारखे' हा साधर्म्य दाखवणारा शब्द. एवढेच. परीक्षेपुरते हे पुरे. पण बोलण्यात आणि धर्मशिक्षणात खरे काम तिसऱ्या अंगाचे असते, आणि नेमके तेच पुष्कळदा न बोललेले असते. मोहरीची गोष्ट सांगितली की वर्गात हमखास एखादे पोर विचारते, "मग देवाचं राज्य तिखट असते का?" दुसरे म्हणते, "फोडणीत उडते, तसे उडते का?" पोरे चेष्टा करतात, पण प्रश्न रास्त आहे. मोहरीत लहानपणा आहे, तिखटपणा आहे, तडतडणे आहे, काळेपणा आहे. त्यातले प्रभूने एकच घेतले: लहान असणे आणि मोठे होणे.

आपल्याकडे जुनी माणसे यासाठी एक नेमका शब्द वापरतात. दृष्टांत एकदेशी असतो, म्हणजे एकाच बाजूने लागू पडतो. प्रभूच्या येण्याला शास्त्रात रात्री येणाऱ्या चोराची उपमा आहे. प्रभू चोर नाही. अवचित येणे एवढीच ती बाजू. 'एकदेशी' हा शब्द मुलांना लवकर समजतो आणि पुष्कळ अडचणी वाचवतो.

आता चारशे वर्षे मागे जाऊ. उपमेचा मराठी ख्रिस्ती माणसाशी काय संबंध आला, हे पाहायचे तर गोव्यातल्या साष्टीत जावे लागते.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिकांचा छळ होत होता. ते रोमला जाऊन १५७५ साली येशूसंघात दाखल झाले आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरले. पुढची सुमारे चाळीस वर्षे, १६१९ मध्ये देह ठेवीपर्यंत, ते इथेच राहिले. परत गेले नाहीत. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी जुळते असे नोंदवले आहे. भाषापंडितांना हे सविस्तर मांडायला पुढे दोनशे वर्षे लागली.

त्यांचा काळ गोड नव्हता. साष्टीत देवळे पाडली गेली होती. १५८३ मध्येच कुंकळ्ळी गावात लोकांच्या उठावात पाच येशूसंघीय मारले गेले, आणि नंतर गावाच्या प्रमुखांना पोर्तुगीजांनी दगा देऊन ठार केले. लोक ख्रिस्ती झाले त्यात विश्वास होता तशी सक्तीही होती. स्टीफन्स यांचे कौतुक करताना यावर पांघरूण घालू नये. उलट हे ध्यानात ठेवले तरच त्यांनी केलेल्या कामाचे वजन कळते. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती. देवळातली पोथी गेली, ओवी गेली, संध्याकाळी चार माणसांत बसून ऐकायचे ते गेले. त्यांना प्रार्थना पाठ करून दिल्या जात होत्या. पाठांतराने तोंड भरते, मन भरत नाही. आम्हालाही आमच्या भाषेत काही पुराण द्या, अशी मागणी त्यांच्यातूनच झाली, आणि स्टीफन्स यांनी ती मानली.

त्यातून 'क्रिस्तपुराण' झाले. १६१६ साली ते साष्टीतल्या रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भाग. पहिल्या भागात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात प्रभू येशूची. भाषा मराठी, पण छपाई रोमन लिपीत. भाषेविषयी त्यांनी सुरुवातीच्या गद्य मजकुरात स्वतःच खुलासा केला आहे. देवाच्या गोष्टी सांगायला त्यांना मराठी योग्य वाटली. पण निव्वळ पंडिती मराठी मधल्या लोकांना समजणार नाही, म्हणून त्यांनी अवघड शब्द कमी केले आणि तिथल्या बोलीतले सोपे शब्द मिसळले. ज्याची मायबोली इंग्रजी, ज्याचे शिक्षण लॅटिनमध्ये, राज्यकर्ते पोर्तुगीज, तो माणूस साष्टीतल्या बाईला कळेल का याचा विचार करून शब्द निवडतो आहे.

त्या पुराणातला मराठी भाषेच्या स्तुतीचा भाग तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत वाचला असेल. भाषणांत तो इतका वापरला जातो की त्यात नेमके काय आहे तिकडे कोणी पाहत नाही. आपण उपमांकडे पाहू. खड्यांमध्ये रत्न, फुलांमध्ये मोगरा, सुगंधांमध्ये कस्तुरी, पक्ष्यांमध्ये मोर, झाडांमध्ये कल्पतरू, तशी भाषांमध्ये मराठी, अशी ती मांडणी आहे. यात काय नाही ते पाहा. इंग्लंडचा गुलाब नाही. ओक नाही. तिकडच्या कवींचा लाडका बुलबुल नाही. लहानपणी डोळ्यांनी पाहिलेले एकही उपमान या माणसाने इथे वापरलेले नाही. सगळी उपमाने ऐकणाऱ्याच्या अंगणातली, नाहीतर त्याच्या कथांमधली. मोगरा साष्टीतली बाई रोज केसांत माळते. कल्पतरू तिने पाहिलेला नाही, पण आजीकडून ऐकलेला आहे.

दुसरे, ही 'अमुकांमध्ये अमुक' अशी घडणही त्यांनी बाहेरून आणलेली नाही. गीतेच्या दहाव्या अध्यायात हीच रीत आहे, आणि ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण केली तेव्हापासून ती मराठी कानांच्या ओळखीची आहे. ओवीचा छंदही तोच. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्दही त्यांनी घेतला. यावर कोणी म्हणेल, ही तर जुन्याची नक्कल. आमचे मत वेगळे आहे. उपमेचे एक अंग कायम ऐकणाऱ्याच्या मालकीचे असते. उपमेय सांगणाऱ्याचे, उपमान ऐकणाऱ्याचे. स्टीफन्स यांना एक नवी गोष्ट सांगायची होती, आणि ती सांगायची तर ऐकणाऱ्याच्या घरातले काहीतरी उसने मागावेच लागते. ते मागायला नम्रता लागते. त्या सत्तेच्या काळात, सत्तेच्या बाजूच्या माणसाने, जिंकलेल्या लोकांकडे त्यांचा मोगरा मागावा, ही साधी गोष्ट नाही.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. पुराणाच्या १६४९ आणि १६५४ साली आणखी आवृत्त्या निघाल्या. मग १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली. तीन वर्षांत भाषा सोडा! हुकूम देणाऱ्यांना भाषा म्हणजे अंगरखा वाटली असावी. लोक घरात आपलेच बोलत राहिले, पण छापलेले पुस्तक मागे पडले. त्या तीनही जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. पुराण वाचले ते लोकांनी हाताने केलेल्या नकलांमुळे आणि चाळीसाच्या उपवासकाळात ते गाऊन ऐकण्याच्या रिवाजामुळे. गोव्यातून मंगळूरला गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी पोथ्या जपल्या. त्यांवरून १९०७ साली मंगळूरला जे. एल. सालढाणा यांनी ते पुन्हा छापले, तेही रोमन लिपीत. लंडनमध्ये एक देवनागरी हस्तलिखित सापडले. देवनागरीत छापलेले पुस्तक मराठी वाचकाच्या हाती आले १९५६ साली, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने. म्हणजे पहिल्या छपाईनंतर ३४० वर्षांनी.

पुढच्या दोनशे वर्षांतले आम्ही भराभर सांगतो. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठीचे काम केले. १८०५ मध्ये मत्तयचे शुभवर्तमान आणि मराठीचे व्याकरण, १८१० मध्ये कोश. भाषा अवघडलेली होती, पण सुरुवात झाली. १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा मोठा कोश आला, त्यात बोलण्यातल्या उपमा आणि म्हणी गावोगावच्या लोकांकडून घेतलेल्या आहेत. १८९९ मध्ये मॅन्वेअरिंग या मिशनरीने मराठी म्हणींचा संग्रह ऑक्सफर्डला छापला. उपदेश करायचा तर आधी लोक कसे बोलतात ते ऐकले पाहिजे, हे या मंडळींना कळले होते. सगळ्यांनाच कळले होते असे नाही.

त्यानंतर दोन माणसे येतात, त्यांच्यापाशी मात्र थांबावे लागते.

पंडिता रमाबाई संस्कृतच्या जाणकार. वाटले असते तर त्यांनी अलंकारिक, भारदस्त बायबल लिहिले असते. पण केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये त्यांच्याभोवती दुष्काळातून आलेल्या, न शिकलेल्या बायका होत्या. त्यांना कळावे म्हणून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, त्यात अनेक वर्षे घातली आणि ५ एप्रिल १९२२ ला, काम हातावेगळे करूनच, त्या गेल्या. छपाईचे कामही मिशनमधल्या बायकांनीच केले. उपमा कळण्यासाठी तिच्या आजूबाजूचे वाक्यही साधे असावे लागते. वाक्य अवघड असेल तर मोगरा असूनही वास येत नाही.

दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांचे ख्रिस्ती होणे आपल्याच मुलखात सुरू झाले. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते सांगत. पूल ही केवढी अचूक प्रतिमा! पूल पाडून कोणी पलीकडे जात नाही. टिळकांच्या गीतांत ख्रिस्त माउली होऊन येतो, गुरू होऊन येतो, आणि 'उपासना संगीत' हाती घेणाऱ्या मराठी मंडळ्या ती गीते आजही गातात. ती परकी वाटत नाहीत, कारण त्यांतली उपमाने वारकऱ्याच्या तोंडातली आहेत. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'बद्दल इथे लिहीत बसलो तर दुसरा लेख होईल. रोजच्या बोलण्यातली उपमा कशी असावी हे ज्याला शिकायचे असेल त्याने ते पुस्तक वाचावे, एवढेच म्हणतो.

आता आपल्या गावाकडे येतो. स्टीफन्स यांनी मोगरा मागितला, तसे आपण काय मागू शकतो?

खमिराचेच घ्या. आपल्या बायबलमध्ये शब्द 'खमीर' आहे आणि तो बरोबर आहे. पण आपली भाकर ज्वारीची. तिला खमीर लागत नाही. पोरांना खमीर म्हणजे पावाच्या कारखान्यातली काहीतरी वस्तू वाटते. आम्ही वर्गात 'विरजण' सांगतो. चमचाभर दही, भांडेभर दूध, रात्रभर झाकून ठेवायचे, सकाळी सगळे दूध बदललेले. आत काय चालले होते ते कोणाला दिसले नाही. प्रभूने सांगितलेली बाजू नेमकी हीच आहे. आणि गंमत अशी की उलट बाजूही लागते. परुश्यांच्या खमिरापासून जपा असेही प्रभू सांगतो, आणि विरजण नासके असेल तर भांडेभर दूध कसे नासते हे आपल्या घरातल्या कोणत्याही बाईला विचारा. शास्त्राचा शब्द बदलायचा नाही. तो वाचून झाल्यावर शेजारी आपले भांडे ठेवायचे.

यशयाच्या पहिल्या अध्यायात पापे लाल असली तरी बर्फासारखी पांढरी होतील असे वचन आहे. आपल्याकडे आकाशातून बर्फ पडतो तो गारपिटीच्या रूपाने, आणि गारा पडल्या की संत्र्याचा बहार जमिनीवर. शेतकऱ्याच्या मनात बर्फ म्हटले की क्षमा येत नाही, नुकसानीचा पंचनामा येतो! पण त्याच वचनात पुढे लोकरीचीही उपमा आहे. आणि १४७ व्या स्तोत्रात तर हिम लोकरीसारखे पडते असे म्हटले आहे. म्हणजे हिम समजावायला स्तोत्रकर्त्यालाही घरातली लोकर घ्यावी लागली. मग सौंसरच्या काळ्या मातीत राहणाऱ्या माणसाने समजावताना कापूस घेतला तर काय बिघडले? वेचून गठडीत बांधलेला, डाग नसलेला कापूस. त्याचा पांढरेपणा आपल्या हातांना ठाऊक आहे.

कोंबडी पिलांना पंखाखाली घेते, ही उपमा मात्र समजावावी लागत नाही. प्रभूने यरुशलेमसाठी रडताना स्वतःला ती दिली. आकाशात घार फिरू लागली की कोंबडीचा आवाज कसा बदलतो हे आपल्या पोरांना माहीत आहे. इथे शिकवणाऱ्याने गप्प राहावे.

खरी काळजी वेगळीच आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. त्याआधी आपली राजधानी नागपूर होती. त्या दिवशी नागपूर आणि वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याच्यासोबत सौंसर, पांढुर्णा, रामाकोना. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, पण शाळेची भाषा हिंदीच. हिंदीशी आमचे भांडण नाही. हिंदीत शिकून पोरे नोकरीला लागली आणि ते चांगलेच झाले. पण पोरगे शाळेत एक बोलते, घरात एक, आणि प्रार्थनेत तिसरेच, जे मुंबई-पुण्याच्या छापील मराठीतले असते. या तिन्हींच्या मधल्या फटीतून सगळ्यात आधी काय गळते? नामे गळत नाहीत, क्रियापदे गळत नाहीत. उपमा गळतात. पोराला 'पालथ्या घड्यावर पाणी' समजत नाही, कारण घडा नाही. 'अळवावरचे पाणी' समजत नाही, कारण अळूचे पान त्याने कधी ओले करून पाहिले नाही. मग देवाविषयी बोलायची वेळ आली की त्याच्याजवळ पाठ केलेली वाक्ये असतात आणि स्वतःचे एकही 'वानी' नसते. साष्टीतल्या लोकांची नेमकी हीच अवस्था होती. त्यांना हुकूम होता. आपल्यावर कोणाचा हुकूम नाही, तरी तेच होते आहे.

सगळ्याच उपमा जपायच्या, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. काही पुराव्या. आपल्या बोलण्यात जातीची नावे उपमान म्हणून येतात, आणि ती नेहमी कोणाला तरी खाली दाखवायलाच येतात. जुन्या म्हणींच्या संग्रहांत अशा म्हणी पानोपानी आहेत. मॅन्वेअरिंगच्या पुस्तकातही आहेत. बाप्तिस्मा घेतलेल्या तोंडातून त्या निघतात तेव्हा आम्हाला लाज वाटते, आणि आपल्या मंडळीतल्या कितीतरी घरांचे पूर्वज त्याच म्हणींचे लक्ष्य होते हे आठवले म्हणजे अधिक वाटते. काळ्या रंगावरून पोरीला दिलेल्या उपमा तशाच. आणि 'महारोग्यासारखे वाळीत टाकले' हे वाक्य. प्रभूने महारोग्याला हात लावला, हे शुभवर्तमानात स्पष्ट लिहिले आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. तिथल्या माणसांनी शेती केली, कापड विणले, घरे बांधली. ज्यांनी हे पाहिले त्यांच्या तोंडून ती उपमा आपोआप गेली. उपमा रागावून जात नाही. तिच्यातला साधारण धर्म खोटा ठरला की जाते.

आणि एक जागा अशी आहे की जिथे 'सारखा' चालत नाही. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने भाकर हातात घेतली तेव्हा तिला आपल्या शरीराची उपमा दिली नाही. तिथे 'जैसा' नाही, 'सारखे' नाही, 'वानी' नाही. ज्याने आयुष्यभर प्रत्येक गोष्ट 'सारखी' म्हणून सांगितली, त्याने त्या रात्री तो शब्द खाली ठेवला. मिस्साला वेदीजवळ उभे असताना हे लक्षात घ्यावे. आम्ही पहिल्या कम्युनियनच्या मुलांना उपमा शिकवतो ती यासाठीच, की ती कुठे थांबते हे त्यांना ओळखता यावे.

बाकी सर्व ठिकाणी मात्र शास्त्र 'सारखा' जपून वापरते. पेंटेकॉस्टच्या दिवशी शिष्यांवर अग्नी उतरला असे लूक सरळ म्हणत नाही. जिभा अग्नीच्यासारख्या दिसल्या, असे तो लिहितो. यहेज्केल पहिल्या अध्यायाच्या शेवटी देवाचे तेज पाहतो, तेव्हा तो 'सारखे', 'सदृश' असे म्हणत अडखळत पुढे जातो. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने तर लिहूनच ठेवले की निर्माता आणि निर्मिती यांच्यात कितीही साम्य दाखवले तरी फरक त्याहून मोठा असतो. आपली जुनी माणसे दृष्टांत एकदेशी म्हणतात, तेच हे, लॅटिनमध्ये.

यंदा उपवासकाळात, पळस फुलला तेव्हापासून, धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही एक वही ठेवली आहे. पोरांनी घरी आजी-आजोबांकडून एक 'वानी' ऐकायचे आणि रविवारी येऊन लिहायचे. वहीत आता चौऱ्याहत्तर नोंदी आहेत. काही एकदम ताज्या: एकाने वडिलांविषयी लिहिले आहे की कर्जाचा फोन आला की ते चार्जिंग संपल्यावानी होतात. ही आम्ही खोडली नाही. काही इतक्या जुन्या की अर्थ सांगायला लिहून आणणाऱ्या पोराच्या आजीलाच बोलवावे लागले. मोटेच्या नाड्यावानी, घाण्याच्या बैलावानी. मोट गेली, घाणा गेला, उपमा तेवढी राहिली.

गेल्या रविवारी पहिले स्तोत्र होते. त्यात दुर्जनाला वाऱ्याने उडणाऱ्या भुशाची उपमा आहे. पोरांनी मळणीयंत्र पाहिले आहे, उफणणी कोणीच पाहिली नव्हती. मग आमच्यातलेच एक आजोबा घरी जाऊन सूप आणि पायलीभर तूर घेऊन आले, अंगणात वाऱ्याची दिशा पाहून उभे राहिले आणि सूप डोक्याच्या वर धरून हळूहळू हलवू लागले. दाणा सरळ पायाशी पडत होता. भुसा पोरांच्या केसांत गेला.